झाडाचे अन्न, पाणी आणि साखर: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल्कनीत कुंड्या सांभाळणारे, सोसायटीच्या बागेकडे लक्ष देणारे आणि शाळेत हा धडा शिकणारी मुले, या सगळ्यांसाठी हे पान आहे. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच घोळ असतो. झाडात पाणी वर नेणारी आणि साखर फिरवणारी अशा दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि दोन्ही वेगळ्या बळावर चालतात, हे लक्षात येत नाही. पाणी नेतात त्या जलवाहिन्या, साखर नेतात त्या रसवाहिन्या. पुढे हेच शब्द वापरले आहेत.

खत म्हणजेच झाडाचे अन्न ना?

नाही. अन्न झाड स्वतः पानात बनवते. खतातून त्याला नत्र, स्फुरद, पालाश आणि इतर खनिजे मिळतात. झाड पूर्ण वाळवून वजन केले, तर त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा असतो. हे तिन्ही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि पाण्यातून येतात.

याचा पहिला नीट मोजलेला पुरावा बेल्जियमच्या व्हान हेल्मोंटने दिला. त्याचे लेखन १६४८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ९० किलो सुकी माती भरलेल्या कुंडीत त्याने विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाडाचे वजन ७० किलोहून जास्त वाढले, मातीचे मात्र साठेक ग्रॅमच घटले. सगळे वजन पाण्यातून आले असे त्याने ठरवले. हवेचा वाटा तेव्हा कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.

मग जास्त खत घातले की झाड का जळते?

मुळे परासरणाने पाणी घेतात. मुळांच्या पेशींत क्षारांचे प्रमाण मातीतल्या पाण्यापेक्षा जास्त असते, म्हणून पाणी आत जाते. ओंजळभर युरिया किंवा डीएपीसारखे रासायनिक खत घातले की मातीतले पाणीच जास्त खारट होते. मग पाणी आत जाणे थांबते, उलट मुळांतून बाहेर येऊ लागते. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात.

असे झाले तर कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओतून तळाच्या भोकातून वाहू द्या. पुढे विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले खत) वापरायचे असेल, तर लिटरला १ ते २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा आणि माती आधीच ओलसर असताना. कोरड्या मातीत खत कधीही घालू नका.

पानात साखर नेमकी कशी तयार होते?

दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात हरितद्रव्य मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश शोषते. त्या ऊर्जेने पाण्याचे रेणू फुटतात आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसून पाण्यातला असतो. जड ऑक्सिजन घातलेले पाणी वापरून रुबेन आणि कामेन यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले. दुसऱ्या टप्प्यात रुबिस्को नावाचे विकर हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडते आणि पहिल्या टप्प्यात साठवलेल्या ऊर्जेवर त्याची साखर होते. या मार्गाच्या शोधासाठी मेल्विन कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल मिळाले.

हिशेब असा: कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू आणि पाण्याचे सहा रेणू यांपासून ग्लुकोजचा एक रेणू आणि ऑक्सिजनचे सहा रेणू. वजनात सांगायचे तर १८० ग्रॅम ग्लुकोजमागे १९२ ग्रॅम ऑक्सिजन. हे आकडे पुढच्या उत्तरात लागतील.

पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, स्नेक प्लँट बेडरूमची हवा शुद्ध करतो, हे खरे का?

ऑक्सिजन पाणी फुटल्यावर निघतो आणि पाणी फुटायला प्रकाश लागतो. त्यामुळे रात्री कोणतेच झाड ऑक्सिजन सोडत नाही, पिंपळही नाही. स्नेक प्लँट, कोरफड आणि निवडुंग रात्री पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, दिवसा ती बंद ठेवून साखर बनवतात. त्याने त्यांचे पाणी वाचते. ऑक्सिजन मात्र दिवसाच तयार होतो.

आता हिशेब. एका माणसाला दिवसाला साधारण ५५० लिटर, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तेवढा तयार करायचा तर झाडांनी रोज ६५० ग्रॅमच्या आसपास साखर बनवायला हवी. खिडकीतला मनीप्लांट वर्षभरातही तेवढा वाढत नाही. घरात झाडे जरूर ठेवा, पण हवेसाठी खिडकी उघडा.

उलट भीतीही तितकीच बिनबुडाची आहे. कुंडीतले रोप रात्री जो कार्बन डायऑक्साइड सोडते, तो शेजारी झोपलेल्या माणसाच्या तुलनेत नगण्य असतो.

समोर दुसरा टॉवर आहे, ग्रीलमध्ये ऊन येत नाही. तुळस का जगत नाही?

डोळ्यांना प्रकाशातला फरक नीट कळत नाही. प्रकाश लक्समध्ये मोजतात. दुपारचे थेट ऊन सुमारे एक लाख लक्स असते, तर खिडकीपासून दोन-तीन मीटर आत शे-पाचशे लक्सच उरतात. झाड दिवसरात्र श्वसनात साखर खर्च करते. प्रकाश इतका कमी असला की बनते त्यापेक्षा जास्त साखर खर्च होते. रोप काही आठवडे साठ्यावर तगते, मग लांबट होते, पाने लहान आणि फिकट येतात.

तुळस, मोगरा, जास्वंद यांना किमान चार-पाच तास थेट ऊन हवे. ते नसेल तर मनीप्लांट, अॅग्लोनेमा, फर्न लावा. मोबाइलवरचे लक्स मोजणारे अॅप अचूक नसते, पण दोन खिडक्यांमधला फरक त्याने कळतो. घोडबंदर रोडसारख्या धुळीच्या रस्त्यालगत राहत असाल, तर आठवड्यातून एकदा पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसा. धूळ प्रकाश अडवते आणि रंध्रेही बुजवते.

कोणताही पंप नसताना उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढते कसे?

पाने ते वर ओढतात.

पानांच्या खालच्या बाजूला बहुधा पर्णरंध्रे असतात. पोटॅशियम आत आले की रंध्राच्या कडेच्या रक्षक पेशी पाणी घेऊन फुगतात आणि रंध्र उघडते. कार्बन डायऑक्साइड आत यावा म्हणून ते उघडलेले असते, पण त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. यालाच बाष्पोच्छ्वास म्हणतात. पेशींच्या भिंतींतल्या सूक्ष्म फटींमधून पाणी उडाले की मागचे पाणी ओढले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे ही ओढ पानापासून मुळापर्यंत अखंड पोहोचते. डब्लिनमध्ये डिक्सन आणि जोली यांनी ही कल्पना १८९४ मध्ये मांडली आणि ती आजवर टिकली आहे. हवेचा दाब पाणी जेमतेम दहा मीटर चढवू शकतो. कॅलिफोर्नियातले सर्वांत उंच रेडवुड मात्र सुमारे ११६ मीटर आहे. म्हणजे झाडातले पाणी खरोखरच ताणाखाली असते. हा ताण इतका असतो की भर दुपारी बुंधा किंचित आकसतो आणि रात्री पुन्हा पूर्ववत होतो.

जलवाहिन्या मेलेल्या पेशींच्या नळ्या असतात. पाणी चढवायला झाडाला स्वतःची ऊर्जा खर्च करावी लागत नाही, सगळे काम सूर्य करतो. मुळांनी घेतलेल्या पाण्यापैकी ९७ टक्क्यांहून जास्त पाणी असे उडून जाते.

या ताणाची एक कमकुवत बाजू आहे. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की तो धागा तुटतो आणि ती नळी निकामी होते. बाजारातून आणलेला निशिगंध पाण्यात ठेवूनही माना टाकतो, त्याचे हेच कारण. देठ पाण्याखाली धरून खालून दोन-तीन सेंटिमीटर कापा, पाण्यात बुडणारी पाने काढा आणि पाणी रोज बदला. जिवाणू वाढले की त्याच नळ्या पुन्हा तुंबतात.

जुलैमध्ये माती चिंब ओली, तरी झाड सुकल्यासारखे दिसते. आणखी पाणी घालू का?

अजिबात नको. आमच्या मते ठाणे आणि नवी मुंबईत कुंडीतली झाडे तहानेने जितकी मरतात, त्याहून जास्त मुळांना हवा न मिळाल्याने मरतात.

मूळ जिवंत असते, त्याला श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो. मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरल्या की मुळांची ऊर्जा संपते आणि त्यांच्या पेशींतली पाणी आत घेणारी दारे बंद होतात. झाड पाण्यात उभे राहून तहानलेले असते. पाने मलूल होतात, कोणीतरी आणखी पाणी घालते, मुळे कुजतात.

आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहा. आत ओल आणि आंबट वास असेल तर पाणी बंद. कुंडीखालची बशी काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा आणि तळाचे भोक काडीने मोकळे करा. चार दिवसांत फरक पडला नाही, तर मातीचा गोळा बाहेर काढा. निरोगी मुळे पांढरट आणि टणक असतात. काळी पडलेली, दाबल्यावर साल हातात येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापा. जितकी मुळे गेली, साधारण तितक्या प्रमाणात पालवीही छाटा, कारण उरलेल्या मुळांना सगळी पाने पोसता येणार नाहीत. नव्या मिश्रणात दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा भाताचे तूस घ्या. नर्सरीत मिळणारी नुसती लाल माती दोन पावसांत दगडासारखी घट्ट बसते. खूप जणांचे इथेच चुकते. रोप सावरेपर्यंत सावलीत ठेवा, खत देऊ नका.

पहाटे अळूच्या पानांच्या टोकांना थेंब दिसतात. ते दव असते का?

दव पानभर पसरते. कडांना आणि टोकाला ठरावीक जागी दिसणारे थेंब झाडाच्या आतून आलेले असतात. रात्री बाष्पोच्छ्वास थांबतो, मुळे क्षार आत घेत राहतात, त्यामागे पाणी येते आणि मूलदाबाने बाहेर पडते. रोप निरोगी असल्याचे ते लक्षण आहे. हा दाब थोडेच अंतर पाणी चढवू शकतो, उंच झाडाला तो पुरत नाही.

साखर पानातून मुळापर्यंत आणि फळापर्यंत कशी जाते?

रसवाहिन्यांतून, आणि ताणाने नव्हे तर दाबाने. पानातली साखर सुक्रोजच्या रूपात ऊर्जा खर्चून रसवाहिनीत भरली जाते. तिथला रस गोड होतो, शेजारच्या जलवाहिनीतले पाणी परासरणाने आत येते आणि दाब वाढतो. दुसऱ्या टोकाला मूळ, कोंब किंवा फळ साखर उतरवून घेते, पाणी निघून जाते आणि दाब कमी होतो. दाबातल्या या फरकाने रस वाहतो. जर्मनीच्या अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० मध्ये ही मांडणी केली. रसात १० ते २५ टक्के साखर असते, वेग तासाला मीटरभराच्या आसपास. दाब वातावरणाच्या दहापटीपर्यंत जातो, मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या चार-पाच पट.

साखर नेहमी खालीच जाते असे नाही. जिथे बनते किंवा साठवलेली असते तिथून, जिथे गरज असते तिकडे ती जाते. कांद्याला मोड येतो तेव्हा ती वर चढते.

माडाच्या पोगीतून, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्यातून, मिळणारी नीरा हा हाच रस. कापलेली रसवाहिनी झाड काही वेळात आतून बंद करते, म्हणून रोज पुन्हा पातळ काप घ्यावा लागतो.

पाने चिकट झाली आहेत, त्यावर काळी काजळी धरली आहे. हा रोग आहे का?

वरच्या फांदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधा. हे किडे सोंड थेट रसवाहिनीत खुपसतात. आतल्या दाबामुळे रस त्यांच्या पोटात आपोआप जातो. त्यांना हवी असतात त्यातली अमिनो आम्ले, आणि ती फार थोडी असतात. म्हणून ते भरमसाट रस घेतात आणि जादा साखर मागून सोडून देतात. त्या चिकट थरावर काळी बुरशी वाढते. मुंबईत अनेक मोठे पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या हल्ल्यात वाळले.

कुंडीसाठी एक लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचे तेल आणि २-३ मिली द्रवरूप साबण नीट घुसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूला फवारा. आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा करावे लागते, कारण एका फवारणीतून अंडी वाचतात. मुंग्यांचाही बंदोबस्त करा. गोड रसासाठी त्या या किड्यांची राखण करतात.

बुंध्याला तार आवळली आहे, सालीचा पट्टा निघाला आहे. पण झाड हिरवेगार आहे, मग काळजी कशाला?

हिरवे दिसते हाच धोका आहे. रसवाहिन्या सालीच्या आतल्या थरात असतात, जलवाहिन्या त्याखालच्या लाकडात. सालीचा पूर्ण गोल पट्टा गेला तरी लाकूड शाबूत असते, पाणी वर जात राहते आणि पाने महिनोन्महिने ताजी दिसतात. पण साखर खाली उतरत नाही. मुळे साठ्यावर जगतात, साठा संपला की मरतात, आणि मग एखाद्या मार्चमध्ये झाड अचानक वाळल्यासारखे वाटते. पट्ट्याच्या वरची कड फुगलेली दिसते, कारण साखर तिथे अडून राहते. मार्चेल्लो माल्पिघीने सतराव्या शतकात हे पाहिले होते.

सणावाराला गुंडाळलेल्या दिव्यांच्या तारा, फलकांच्या पट्ट्या, ट्री गार्डचे कडे, सगळ्यांचा परिणाम तोच. झाड जाड होत जाते, तार आत रुतते. दर सहा महिन्यांनी तपासा आणि सैल करा. रुतलेली तार ओढू नका, साल आणखी फाटते. जागोजागी कापून निघेल तेवढीच काढा. साल अर्ध्याहून कमी घेरात गेली असेल, तर झाड बहुधा वाचते. जखमेवर सिमेंट किंवा डांबर लावू नका.

बुंध्यापर्यंत भिडवलेले पेव्हर ब्लॉक वेगळ्या मार्गाने तेच करतात, मुळांची हवा तोडतात. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी हवी, मोठ्या झाडाला त्याहून जास्त. शहरातल्या झाडांना १९७५ च्या राज्य कायद्याचे संरक्षण आहे. अशी इजा दिसली तर फोटोसह महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा.

आंब्यावरचे बांडगूळ आणि कुंपणावरची अमरवेल, दोन्ही सारखीच का?

बांडगुळाची पाने हिरवी असतात. ते मुख्यतः यजमानाच्या जलवाहिनीला जोडून पाणी आणि खनिजे घेते, साखर स्वतः बनवते. अमरवेलीत हरितद्रव्य जवळजवळ नसते, ती रसवाहिनीतून तयार साखर ओढते. बांडगूळ काढताना चिकटलेल्या जागेपासून बुंध्याच्या दिशेने एक फूट मागे फांदी कापा, नुसते तोडले तर पुन्हा फुटते. अमरवेलीचा तुकडाही राहू देऊ नका. छाटलेल्या फांद्या जाळा किंवा बंद पिशवीत टाका, कंपोस्टमध्ये नको.

खाडीतले तिवर (कांदळवनातली झाडे) खारे पाणी पिऊन जगतात कसे?

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातून गोडे पाणी ओढून घ्यायला वातावरणाच्या सुमारे पंचवीसपट ताण लागतो. तिवराच्या जलवाहिन्यांत त्याहून जास्त ताण असतो, आणि शास्त्रज्ञ शोलँडर यांनी १९६५ मध्ये तो मोजून दाखवला. मुळे सुमारे ९० टक्के मीठ दारातच अडवतात. उरलेले तिवर पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी पानावर बोट फिरवून चाटले तर खारट लागते. चिखलात हवा नसते, म्हणून चिखलातून वर येणारी पेन्सिलीएवढी श्वसनमुळे खालच्या मुळांना ऑक्सिजन पुरवतात. भराव टाकून ही मुळे बुजवली की वरचे झाड न तोडताही मरते.

पाहायचे असेल तर ऐरोलीचे सागरी जैवविविधता केंद्र सोयीचे आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.

पाने पिवळी पडली. कशाची कमतरता आहे हे कसे ओळखायचे?

आधी पाहा, जुनी पाने पिवळी आहेत की नवी. नत्र आणि मॅग्नेशियम रसवाहिनीतून हलू शकतात. कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. लोह तसे हलत नाही, त्यामुळे शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. सिमेंटच्या कुंडीतल्या जास्वंदीत हे नेहमी दिसते, कारण चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नाही. मॅग्नेशियमसाठी लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, लोहासाठी अर्धा ग्रॅम चिलेटेड लोह फवारा.

कॅल्शियमही रसवाहिनीतून जवळजवळ जात नाही. गच्चीवरच्या टोमॅटोचा खालचा भाग काळा पडतो, तेव्हा दोष बहुधा मातीत नसून अनियमित पाण्यात असतो. पाणी चढले नाही की त्यासोबत येणारे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही.

शाळेच्या प्रकल्पासाठी दोन खात्रीचे प्रयोग सांगा.

पहिला पावसाळ्यात, तेरड्याचा. त्याचे खोड अर्धपारदर्शक असते. वीसेक सेंटिमीटरची पानांसह फांदी पाण्याखाली कापा आणि १०० मिली पाण्यात खाण्याच्या लाल रंगाचे १५-२० थेंब टाकून त्यात ठेवा. वाऱ्याच्या जागी तासाभरात लाल रेषा चढताना दिसतात. दर दहा मिनिटांनी खूण करून वेग काढा. दुसऱ्या फांदीची सगळी पाने काढा, रंग फारच हळू चढेल. तिसरीवर प्लास्टिकची पिशवी बांधा, तिथेही तेच होईल. मुळासकट उपटलेले रोप घेऊ नका, मुळे बराच रंग अडवतात.

दुसरा पिष्टमय पदार्थाचा. जास्वंदीची कुंडी ४८ तास अंधारात ठेवा, एका पानावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी लावा आणि पाच-सहा तास उन्हात ठेवा. पान दोन मिनिटे उकळा, मग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यातल्या स्पिरिटमध्ये रंग जाईपर्यंत राहू द्या. स्पिरिट कधीही थेट ज्योतीवर तापवू नका, गॅस बंद करूनच ते पाणी वापरा, आणि हे काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा. पान कोमट पाण्यात धुऊन त्यावर पातळ केलेले आयोडीन टाका. झाकलेला भाग तपकिरी राहतो, बाकीचा निळा-काळा होतो.

सगळेच पान निळे झाले, तर अंधार पुरेसा मिळाला नव्हता. सगळेच तपकिरी राहिले, तर बहुधा आभाळ ढगाळ होते. हा प्रयोग जुलैऐवजी नोव्हेंबरनंतर करा. कांद्याची किंवा लसणाची पात घेऊ नका, तिच्यात पिष्टमय पदार्थ साठत नाही.